एका कान्याचा फरक

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप रात्री पावणेतीनला आलेला दिसतो. मी तो सकाळी दूध तापत ठेवून वाचायला घेतला आणि दूध उतू गेलं. "गेलं नाही, घालवलंत," असं ही म्हणाली. ओटा पुसता पुसता मला वाटलं, तुला काय लिहायचं ते इथेच हाताशी आलं.

तू एका दमात तीन गोष्टी विचारल्यास. न्यूज साइटच्या डेस्कवर रात्रभर युद्धाचे व्हिडिओ बघून झोप उडाली आहे, काय करू? बाबांशी जेवताना राजकारणावरून वाजलं, आठवडा झाला बोलणं नाही, काय करू? आणि सगळ्यांचंच खरं वाटतं, सगळ्यांचंच खोटं वाटतं, तर मत बनवायचं तरी कसं? चौथा मेसेज तू पाठवून लगेच डिलीट केलास. खोडलेल्या जागी काय असेल ते ओळखणं हा माझा एकतीस वर्षांचा धंदा. नोकरी सोडू का, हेच ना?

मी काही विचारवंत नाही. एका दैनिकात मुद्रितशोधक होतो, म्हणजे दुसऱ्यांच्या मतांच्या वेलांट्या सुधारणारा. त्यामुळे मला जे सांगता येईल ते वेलांटी, उकार, काना याच पातळीवरचं. त्यातही कान्याचं जास्त.

मी लागलो तेव्हा खिळ्यांची, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांची, जुळणी होती. ओलसर गॅली, म्हणजे तपासणीचा कच्चा छापील कागद, हातात यायची, बोटं काळी व्हायची, आणि रात्री बाराच्या पुढे चहाच्या कपालाही शाईचा वास यायचा. कान्याचा खिळा वेगळा असे. बारीक, उभा, जुळाऱ्याच्या चिमटीतून निसटणारा. आमचे वरिष्ठ बेळगावकडचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एक ओळ दाखवली. 'झोपडपट्टी जळली' असं जुळवलं होतं. मूळ प्रतीत होतं 'जाळली'. ते म्हणाले, "काना पडला, गुन्हेगार सुटला."

मग त्यांनी गॅलीच्या पाठीवरच यादी काढून दिली. पडणे, पाडणे. जळणे, जाळणे. मरणे, मारणे. गळणे, गाळणे. टळणे, टाळणे. एक उभी रेघ ओढली की घटनेच्या मागून माणूस बाहेर येतो. रेघ पुसली की पुन्हा आत जातो. शाळेत तू हे अकर्मक-सकर्मक म्हणून दोन मार्कांसाठी पाठ केलं असशील. मला तो कागद पुढे कितीतरी वर्षं पाकिटात ठेवावासा वाटला, आणि ठेवला.

हेच व्याकरण घरीही चालू होतं. वडील लालबागला गिरणीत, साचेखात्यात. १८ जानेवारी १९८२ ला कामगार पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, त्यात तेही. पुढे एकेक गिरणी बंद होऊ लागली. पेपरात 'गिरण्या बंद पडल्या' असं छापून यायचं, आणि ते प्रूफ आदल्या रात्री माझ्याच हाताखालून गेलेलं असायचं. वडील सकाळी पेपर घडी करून बाजूला ठेवत आणि म्हणत, "पडली नाय रे, पाडल्यानी."

आमच्या मालवणीत कर्ता क्रियापदाच्या शेपटीलाच बांधलेला असतो. 'पाडल्यान' म्हटलं तर एकाने, 'पाडल्यानी' म्हटलं तर अनेकांनी. प्रमाण मराठीत त्याला सोडून देता येतं. सरकारी मराठीत तर सोडायचाच असतो: करण्यात येत आहे, घेण्यात आला, पाडण्यात येईल. कोण करतंय, कोणी घेतला, कोण पाडणार, हे विचारायला खिडकी क्रमांक चारवर जा.

पण वडिलांचंही सगळं बरोबर होतं असं समजू नकोस. त्यांच्या त्या 'नी'मध्ये मालक होते, सरकार होतं. भिवंडीच्या यंत्रमागांकडे धंदा कधीपासून सरकत होता ते त्यांनी कधी मोजलं नाही, आणि संप किती ताणायचा हे ठरवणारा पुढारी तर त्या हिशेबात नव्हताच. कागदोपत्री तो संप मागे घेतल्याची घोषणा आजतागायत झालेली नाही. वडील गावी गेले ते तिकडचेच झाले. कर्ता शोधताना माणूस आपल्या माणसाला वगळून शोधतो. मी हे त्यांना कधी बोललो नाही, तुला लिहितोय.

आता युद्धाकडे येतो, कारण तुझी झोप तिथे अडली आहे.

१९७१ ला मी सोळा वर्षांचा होतो. चाळीच्या खिडक्यांना काळे कागद चिकटवले होते, गाड्यांच्या दिव्यांना वरून अर्धा काळा रंग, आणि रात्री कुठे फट दिसली की खालून आरोळी यायची, "बत्ती बंद करा!" आम्हा पोरांना ती सगळी गंमतच. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला चढवला आणि पाकिस्तानची 'खैबर' ही युद्धनौका बुडवली. नाक्यावर पेढे वाटले गेले, मी दोनदा रांगेत राहून घेतले. ९ डिसेंबरला दीवजवळच्या समुद्रात त्यांच्या 'हंगोर' पाणबुडीने आपली 'खुकरी' बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून आले नाहीत, जहाजाबरोबरच खाली गेले.

चाळीतलं तेव्हाचं बोलणं मला अजून ऐकू येतं. त्यांची बुडवली. आपली बुडाली. इथे काना नाही, एक 'व' आहे, पण काम तेच. मी कोणाला दोष देत नाही. आपलं माणूस गेलं की कोणी मारलं हे नंतर सुचतं, आधी ते गेलं एवढंच कळतं. 'खैबर'वरचेही दोनशेच्या वर लोक परतले नव्हते, हे मला कळायला मात्र बरीच वर्षं जावी लागली. पेढा खाताना ते कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं असंही नाही.

तळमजल्यावर एका खोलीतला मुलगा नौदलात होता. त्याची आई ते सगळे दिवस संध्याकाळ झाली की दाराच्या उंबऱ्यावर बसायची. आम्ही वरून रेडिओवरचं ओरडून सांगायचो. कोणाचं बुडालं, कोणी बुडवलं, हे ती विचारायचीच नाही. 'जहाज' एवढं कानावर पडलं की उठून उभी राहायची आणि म्हणायची, "नाव काय? नाव सांगा आधी." तिचा मुलगा परत आला. पण युद्धाची बातमी कशी वाचायची ते मला त्या बाईने शिकवलं.

म्हणून तुझे व्हिडिओ. त्यात धूर दिसतो, कोसळणारी इमारत दिसते, हंबरडा फोडणारी आई दिसते. कॅमेऱ्याला पडणं दिसतं. पाडणं फार क्वचित दिसतं. ते कुठेतरी लांब, एखाद्या खोलीत, नकाशावर बोट ठेवून झालेलं असतं. तू रात्रभर नुसतं पडणं बघतेस आणि डोकं भरून घरी जातेस, हाती काही लागत नाही. यापुढे एक कर. व्हिडिओ एकदाच बघायचा आणि कागदावर तीन शब्द लिहायचे: कुठलं, कधीचं, कोणी टाकलं. यातलं एकही लिहिता आलं नाही तर दुसऱ्यांदा बघायचा नाही. बातमी करायची असेल तरीही नाही. कागदच घे, फोनवर लिहू नकोस. फोनवर लिहायला गेलीस की पुढचा व्हिडिओ आपोआप लागतो.

मे २०२५ मधली ती रात्र आठव. टीव्हीवर एकामागून एक पट्ट्या सुटत होत्या, कराची बंदर उद्ध्वस्त झालं म्हणून. 'झालं'. कोणी पाहिलं, कशाने केलं, कोणाचं अधिकृत म्हणणं, काही नाही. सकाळी बंदर जागच्या जागी होतं. मला १९७१ आठवत होतं म्हणून मीही अर्धा तास खरं मानून बसलो, उठून हिला उठवलं सुद्धा. तू नवीनच लागली होतीस. तूही एक ओळ टाकलीस आणि मग काढलीस, हे तू स्वतःहून मला येऊन सांगितलंस. काढल्याचं कौतुक नाही, ते सगळ्यांनीच गुपचूप काढलं. सांगितल्याचं आहे.

तत्त्वज्ञानात तू एम. ए., मी संध्याकाळच्या कॉलेजचा बी. ए., तेही दुसऱ्या खेपेस. तरी थोडं आगाऊपणाने लिहितो. पाणिनीने कर्त्याची व्याख्या दोन शब्दांत केली: स्वतन्त्रः कर्ता. मी ती माझ्यापुरती अशी घेतली आहे की ज्याच्या हातात करणं होतं आणि न करणंही होतं, तो कर्ता. काठीने मारलं तर काठी कर्ता होत नाही, ती करण, म्हणजे साधन. आता तू बातमीत 'जवानांनी', 'पोलिसांनी', 'जमावाने' लिहितेस तेव्हा तिथे थोडं थांब. यांच्यात न करण्याची मोकळीक कोणाला होती आणि काठी कोण होतं? मला दर वेळी उत्तर मिळालं असं नाही. पण हा प्रश्न विचारला की मथळा लिहिणारा हात जरा सावकाश चालतो.

उलट बाजूने गीता म्हणते, 'मी कर्ता' असं मानतो तो अहंकाराने मूढ झालेला. अर्जुना, तू निमित्तमात्र हो. लहानपणी मला या दोन्हींचा मेळ बसेना. नोकरीत बसला. एका माणसाने स्वतःच्या चांगल्या कामाबद्दल 'मी काही केलं नाही' म्हणावं, ही साधना. खात्याने स्वतःच्या निष्काळजीपणाबद्दल तेच म्हणावं, ही पळवाट. शब्द तेच. गीता छापील पत्रकाच्या रूपात आली की सावध व्हावं.

आणि धर्मराज! "अश्वत्थामा हतः." अश्वत्थामा मारला गेला. कोणी मारला? भीमाने. काय मारलं? हत्ती. 'हतः'मध्ये भीम कुठेच नाही आणि हत्ती पुढे पुटपुटण्यात गेला. मी याला जगातलं पहिलं युद्धपत्रक म्हणतो. वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, मुद्रितशोधक म्हणून मला त्यात एकही खूण करता येणार नाही. तरी त्याचा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ खाली टेकला.

शहरातलं लिहायला बसलो तर दोन वह्या भरतील. एकच बघ. रस्त्याला खड्डे पडतात. एकतीस वर्षांत मी खड्ड्यांच्या हजारभर बातम्या तपासल्या असतील, पण कोणी खड्डा पाडल्याचं एकदाही वाचलं नाही. गणपतीच्या मांडवासाठी पहार मारतात ते सोडून. डांबर किती घातलं, खाली खडी किती होती, बिल कोणाच्या सहीने निघालं, हे सगळं त्या 'पडले'मध्ये पावसाच्या पाण्यासारखं जिरून जातं.

परळ आणि एल्फिन्स्टन रोड ही स्टेशनं जोडणारा तो जुना पादचारी पूल तुला आठवत असेल. त्याची पायरी अन् पायरी माझ्या गुडघ्यांना ठाऊक आहे. वडिलांच्या वेळी त्या जिन्यावरून गिरणीच्या पाळ्या सुटायच्या. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी काचेची ऑफिसं उभी राहिली, माणसं वाढत गेली आणि जिना होता तेवढाच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी, पावसात, त्या जिन्यावर २३ माणसं चेंगरून मेली. फूलवालीची फुलं पडली, कोणीतरी हिंदीत "फूल गिर गया" म्हणालं आणि गर्दीला "पूल गिर गया" ऐकू आलं, असं वाचलेल्यांपैकी एकीने सांगितल्याचं तेव्हा छापून आलं होतं. रेल्वेच्या चौकशीत मुख्य कारण निघालं पाऊस. म्हणजे एकीकडे एक अक्षर, दुसरीकडे आभाळ. मधला जिना, जो वर्षानुवर्षं रोज हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर अपुरा होता, तो कोणाच्याच वाक्यात कर्ता झाला नाही.

त्यानंतर काय झालं? सैन्य आलं. बॉम्बे सॅपर्सच्या जवानांनी तिथे नवा पूल बांधून दिला, फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. लोकांनी सेल्फी काढले, मीही काढला. घरी येताना मात्र लाज वाटली. नदीवर शत्रूसमोर पूल टाकायला शिकलेली माणसं, आणि आपण त्यांना बोलावलं ते चाकरमान्यांना जिना चढता यावा म्हणून.

आता एक जे मी कोणाला फारसं सांगत नाही.

जानेवारी १९९३. शहर पेटलं होतं, असंच आम्ही छापत होतो, 'पेटलं'. त्या डिसेंबर-जानेवारीच्या दंगलींत ९०० माणसं गेल्याचं पुढे श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलं. त्या रात्री आम्ही चारजणच कामावर पोचलो होतो. माझ्याकडे चार ओळींची बातमी आली, 'जमावाने बेकरी जाळली'. बेकरी आमच्या जुन्या चाळीच्या कोपऱ्यावरची. लहानपणी मी तिथून चार आण्यांचे पाव आणायचो, गरम पाव शर्टात धरून. वरिष्ठ, हे बेळगावचे नव्हेत, ते तोवर निवृत्त झाले होते, म्हणाले, "'जमावाने' काढ. 'जळली' कर. आणखी तेल नको." खिळे जाऊन संगणक आले होते. बोटांना शाईसुद्धा लागली नाही. एक कळ दाबली, काना गेला.

त्यांचा हेतू वाईट होता असं मी आजही म्हणणार नाही. भडका वाढू नये एवढंच त्यांना हवं होतं, आणि त्या रात्री तो विचार कोणाच्याही मनात आला असता. पण बेकरीवाला पेपर वाचायचा. मराठी पेपर, रोज, गल्ल्यावर पसरून. तो पुढे मुंब्र्याला गेला, त्या काळात कितीतरी जण गेले तसा. त्याच्या जागी झेरॉक्सचं दुकान आलं, मग मोबाईलचं. मी तेव्हा डोंबिवलीला राहायला आलो होतो. निवृत्त होईपर्यंत रोज दोनदा मुंब्र्यावरून गेलो. उतरलो कधीच नाही.

हे वाचून तू उद्यापासून जिथे तिथे काना घालत सुटशील, म्हणून हेही लिहितो. तुझ्या पिढीचा रोग माझ्या उलट आहे. आम्ही काने काढले, तुम्ही घालता. घडलं की घडवलं. पडला की पाडला. भाव वाढले की वाढवले, मग ते युक्रेनच्या युद्धात सूर्यफुलाचं तेल अडकल्यामुळे का असेना. फोनवर दर पाच मिनिटांनी कोणीतरी एक कर्ता उभा करतं आणि बहुतेक वेळा तो बोलणाऱ्याला आधीपासून नावडता असतो.

गेल्या निवडणुकीतली गोष्ट ऐक. हिचं नाव यादीत सापडेना. टेबलावरचा मुलगा म्हणाला, "आजी, नाव गळलंय." ही म्हणाली, "गळायला मी काय नळ आहे? गाळलंय म्हण." घरी येईपर्यंत तिने अर्ध्या इमारतीला सांगून टाकलं की ठरवून नावं गाळलीत, आणि कोणी गाळलीत तेही. मीही मान हलवली, माझाच धडा होता ना. साडेचारला शेजारचा मुलगा यादीचा कागद घेऊन आला. नाव होतं. आडनावातला काना तेवढा टाइप करताना सुटला होता, म्हणून ते भलत्याच पानावर जाऊन बसलं होतं. ही साडेपाचला परत गेली आणि बोटाला शाई लावून आली. ज्यांना सांगितलं होतं त्यांच्याकडे परत जाऊन खुलासा केलास का, असं मी विचारलं. तिने टीव्ही मोठा केला. ठरवून गाळलेली नावं नसतातच असं मी म्हणत नाही. हिचं तसं नव्हतं.

आमच्या धंद्यात याला एक रीत होती. मुद्रितशोधकाने आपल्या मनाने शब्द बदलायचा नाही. शंका आली की समासात, म्हणजे कागदाच्या कडेच्या कोऱ्या जागेत, प्रश्नचिन्ह काढायचं आणि गॅली मूळ प्रतीसकट उपसंपादकाकडे पाठवायची. मत बनवायचं कसं, असं तू विचारलंस. माझ्याकडे एवढंच आहे. वाक्य आलं की कर्ता शोध. तो लपलेला वाटला तर समासात प्रश्नचिन्ह. कोणी फारच पटकन आणून उभा केला तरी प्रश्नचिन्ह. मूळ प्रत मिळेपर्यंत गॅली तशीच ठेव. दहातल्या सात गॅल्या तशाच राहतील. राहू देत. सत्तराव्या वर्षी माझ्याकडे ठाम म्हणावीत अशी मतं दोन्ही हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि त्यातली दोन क्रिकेटबद्दल.

काना फक्त गुन्हेगार दाखवत नाही, हे मला उशिरा कळलं. २६ सप्टेंबर १९८३. मॉस्कोच्या दक्षिणेला एका तळघरात स्तानिस्लाव पेत्रोव नावाचा सोव्हिएत अधिकारी रात्रपाळीवर होता, तुझ्या-माझ्यासारखा. यंत्राने सांगितलं, अमेरिकेने क्षेपणास्त्र सोडलं. मग आणखी, एकूण पाच. वर कळवायचं हे त्याचं काम. त्याला शंका आली की युद्ध सुरू करणारा पाचच कशाला सोडेल? त्याने ती खोटी सूचना म्हणून कळवली आणि वाट बघत बसला. काही आलं नाही. ढगांवरून चमकलेल्या उन्हाला उपग्रहाने क्षेपणास्त्र समजलं होतं. पुढे चौकशीत त्याला बोलणी बसली, कशाबद्दल, तर त्या रात्रीची नोंदवही नीट भरली नाही म्हणून! जग कितीतरी वर्षं म्हणत राहिलं असतं की युद्ध टळलं. टळलं नव्हतं. एका माणसाने समासात प्रश्नचिन्ह काढून ते टाळलं होतं. तुझ्या साइटवर अशा बातम्या कमी येतात, कारण जे झालं नाही त्याचा व्हिडिओ नसतो.

बाबांचं. जून २०२२ ला शिवसेनेत फूट पडली, जुलै २०२३ ला राष्ट्रवादीत. की पाडली? महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत या एका कान्यावरून ताटं सरकवली गेली आहेत, तुमचं घर काही वेगळं नाही. तुझे बाबा 'पडली'वाले आणि तू 'पाडली'वाली आहेस की उलट, हे मी मुद्दाम विचारत नाही. पण तू त्यांना त्यांचं मत चुकीचं कसं हे सांगत बसतेस. त्यापेक्षा हे विचार, की बाबा, तुम्हाला असं कधीपासून वाटायला लागलं? कोणत्या साली? तेव्हा तुम्ही कुठे कामाला होता? मताला जन्मसाल असतं. माझ्या वडिलांचं १९८२ होतं. तुझ्या बाबांचं कुठलं तरी असेलच, आणि मला वाटतं त्या वर्षी घरात काहीतरी झालं असेल जे तुला कोणी सांगितलेलं नाही. जेवताना विचारू नकोस. रविवारी सकाळी ते स्कूटर पुसत असतात तेव्हा विचार. पुरुषमाणसं हातात फडकं असलं की जरा खरं बोलतात.

नोकरीचं उत्तर मी देणार नाही. मी सोडली नाही, त्या जानेवारीनंतरही नाही. घरी दोन मुलं होती आणि गावी वडील. ते बरोबर केलं की चूक, हे मलाच नक्की नाही, तर तुला काय सांगू? एवढं मात्र बघ, की तिथे कोणी तुला कधी काना काढायला सांगितला आहे का. आणि सांगितला तेव्हा तू काय केलंस. ते मला नको, स्वतःशीच लिही. पहाटेचं नको, दुपारी जेवून झाल्यावर.

आमच्याकडचं म्हणशील तर इमारतीच्या गेटवर नोटीस लागली आहे. बत्तीस वर्षं राहतोय इथे, आता ती धोकादायक ठरली. खाली ठळक अक्षरांत लिहिलंय: 'सदर इमारत पडून जीवित अथवा वित्त हानी झाल्यास त्यास रहिवासी स्वतः जबाबदार राहतील.' मी चष्मा पुसून तीनदा वाचलं. आयुष्यभर सरकारी मराठीत कर्ता शोधत होतो. सापडला. मी आणि ही.

दिवाळीपर्यंत खोली रिकामी करायची आहे. पुस्तकांचं काय करायचं ते ठरलेलं नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश तू घेऊन जा, मला तो आता एका हाताने उचलत नाही. या रविवारी ये, बाबांची स्कूटर पुसून झाल्यावर. त्यांनाच आण, मागे कोश धरून बसायला कोणीतरी लागेल. लिफ्ट नाही, तिसरा मजला. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर कठडा हलतो आहे, तिथे भिंतीच्या बाजूने चढा.

तुझा,
काका